क्रीडांगण गावात असावे की गावाबाहेर?

विद्यार्थिमित्रांनो, दोन खेळाडूंमध्ये मैदानावर होणारी चुरस आपण सर्वांनीच पाहिली आहे. परंतु खुद्द मैदानावरून प्रेक्षकांमध्ये चालणारी चुरस आपल्यापैकी फार थोड्यांनी लक्षपूर्वक ऐकली असेल. पांढुर्णा आणि सौंसर या आपल्या दोन्ही गावांत ही चुरस गेली कित्येक वर्षे चालू आहे. चहाच्या दुकानात, संत्र्यांच्या बागेत किंवा आगगाडीच्या डब्यात क्रिकेटची गोष्ट निघाली, की थोड्याच वेळात प्रश्न येतो : नागपूरचे जुने मैदान बरे, की जामठ्याचे नवे? वडीलधारी मंडळी एका बाजूला, तरुण दुसऱ्या बाजूला, आणि घरखर्चाचा हिशेब ठेवणारी माणसे तिसऱ्याच बाजूला. या वादात कोण काय म्हणतो आणि का म्हणतो, हे समजून घेण्याचा आम्ही येथे प्रयत्न करणार आहोत.

आपण राज्याने मध्य प्रदेशातले. पण नागपूर आपल्याला परके नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत नागपूर हीच आपल्या प्रांताची राजधानी होती. पुढे सीमा बदलली, आणि २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हाही झाला. परंतु बाजार, दवाखाना, महाविद्यालय आणि क्रिकेटचा सामना यांसाठी आपली पावले आजही नागपूरकडेच वळतात. मध्य प्रदेशाचे मोठे क्रिकेट इंदूरच्या होळकर मैदानावर होते, आणि ते आपल्याहून फार दूर आहे. म्हणून नागपूरच्या मैदानाचा प्रश्न हा आपलाही प्रश्न आहे.

प्रथम जुन्या मैदानाची ओळख करून घेऊ. विदर्भ क्रिकेट संघटनेचे हे मैदान नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात, शहराच्या ऐन मध्यावर आहे. १९६९ च्या ऑक्टोबरात न्यूझीलंडविरुद्ध येथे पहिला कसोटी सामना झाला, आणि त्यात पाहुण्यांनी आपल्याला १६७ धावांनी हरविले. १९८७ च्या विश्वचषकात याच मैदानावर ३१ ऑक्टोबर रोजी एकाच सामन्यात दोन अपूर्व गोष्टी घडल्या. चेतन शर्माने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. विश्वचषकाच्या इतिहासातील हा असा पहिलाच पराक्रम. त्यानंतर सुनील गावसकर यांनी एकदिवसीय सामन्यांतील आपले पहिले आणि अखेरचे शतक झळकाविले. तो दिवस पाहिलेल्या माणसापुढे जुन्या मैदानाची निंदा करणे कठीणच!

या मंडळींचे म्हणणे केवळ आठवणींवर उभे नाही. पांढुर्ण्याहून सकाळच्या गाडीने निघावे, शिदोरीत पोळी-भाजी आणि चार संत्री बांधून घ्यावीत, नागपूर स्थानकावर उतरावे आणि पायी चालू लागले तरी अर्ध्या-पाऊण तासात मैदानाच्या दाराशी पोहोचावे, असा त्यांचा क्रम होता. सामना संपला की लोक चार दिशांना चार रस्त्यांनी पांगत. कोणी सीताबर्डीकडे, कोणी सदरकडे, कोणी स्थानकाकडे. वाटेत चहा मिळे, पुस्तकांचे दुकान मिळे, एखाद्या नातेवाइकाचे घरही मिळे. मैदान गावात असल्याचा लाभ हाच, की प्रेक्षकाला स्वतःचे वाहन लागत नाही. ज्याच्याकडे केवळ तिकिटापुरते पैसे आहेत, तोही तेथे पोहोचतो.

मग नवे मैदान बांधण्याचे कारण काय? जुने मैदान चारही बाजूंनी इमारतींनी व रस्त्यांनी वेढलेले आहे. त्याला वाढायला जागा नव्हती आणि हजारो वाहने उभी करण्याची सोय नव्हती. याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे, आणि ती विसरणे योग्य होणार नाही. २६ नोव्हेंबर १९९५ रोजी भारत-न्यूझीलंड सामना चालू असता, मधल्या सुट्टीत, प्रेक्षागाराची एक भिंत कोसळली आणि खेळ पाहावयास आलेली माणसे मृत्युमुखी पडली. कित्येक जखमी झाले. मैदानाविषयी कितीही प्रेम असले, तरी प्रेक्षक संध्याकाळी सुखरूप घरी परतला पाहिजे, ही पहिली अट होय. प्रेमाने भिंत पक्की होत नाही.

नवे मैदान शहराच्या दक्षिणेस, वर्धा रस्त्यावर जामठा येथे उभे राहिले. त्यात सुमारे ४५ हजार प्रेक्षक बसू शकतात. त्याची आखणी शशी प्रभू या वास्तुविशारदांनी केली. नोव्हेंबर २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध येथे पहिला कसोटी सामना झाला. तोच सौरव गांगुली यांचा अखेरचा कसोटी सामना. भारताने तो १७२ धावांनी जिंकला. इतका मोठा प्रसंग असूनही त्या सामन्यात बरीच आसने रिकामी दिसली, आणि गावाबाहेरच्या मैदानाविषयी पहिली शंका तेथेच उपस्थित झाली.

नव्या मैदानाचे चाहते या शंकेला उत्तर देतात. त्यांच्या मते तेथे बसायला ऐसपैस जागा आहे, कोठूनही खेळ स्पष्ट दिसतो, आणि आत-बाहेर जाण्याचे मार्ग रुंद आहेत. १२ मार्च २०११ रोजी विश्वचषकात सचिन तेंडुलकर यांनी आपले ९९ वे आंतरराष्ट्रीय शतक येथेच केले. सामना मात्र दक्षिण आफ्रिकेने ३ गडी राखून जिंकला. फेब्रुवारी २०१९ मध्ये विदर्भाने सौराष्ट्राला हरवून रणजी करंडक राखला तो येथेच, आणि २०२५ च्या मार्चमध्ये केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहून पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भ पुन्हा विजेता ठरला तोही येथेच. नव्या पिढीच्या आठवणी नव्या मैदानावर जमा होत आहेत. आज जे जुने म्हणून प्रिय आहे, तेही एके काळी नवेच होते, हा त्यांचा मुद्दा खोडून काढणे सोपे नाही.

आता आपण थोडे गणित करू. कारण या वादाचे मर्म गणितातच आहे. समजा, ४५ हजार प्रेक्षक आले आणि प्रत्येक मोटारीत चौघे बसले. म्हणजे ११,२५० मोटारी झाल्या. एका मोटारीस ५ मीटर जागा धरली, तर एकीमागे एक उभ्या केल्यावर त्यांची रांग ५६ किलोमीटरांहून लांब होईल. जामठ्याहून निघालेली ही रांग अवघे नागपूर ओलांडून सावनेरच्या वाटेला लागेल! तेच प्रेक्षक एस. टी. सारख्या मोठ्या गाड्यांतून, प्रत्येकीत ५० याप्रमाणे आले, तर ९०० गाड्या पुरतात. गावातील मैदानातून गर्दी अनेक वाटांनी फुटते; गावाबाहेरच्या मैदानातून ती एकाच महामार्गावर, एकाच वेळी ओतली जाते. दोष मैदानाच्या अंतराचा जितका आहे, त्याहून अधिक तो एकच वाट असण्याचा आहे.

आम्हां सीमेवरच्या प्रेक्षकांची अडचण याहून निराळी आहे. सौंसरचा आणि पांढुर्ण्याचा रस्ता सावनेरला एकत्र येऊन उत्तरेकडून नागपुरात शिरतो. जामठा मात्र दक्षिणेस आहे. म्हणजे आपल्याला शहर पूर्णपणे पार करावे लागते, अथवा वळसा घालावा लागतो. २३ सप्टेंबर २०२२ रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्धचा वीस षटकांचा सामना मैदान ओले असल्यामुळे फार उशिरा सुरू झाला आणि प्रत्येकी ८ षटकांचाच झाला. भारताने तो जिंकला खरा, पण तो आटोपला तेव्हा रात्र बरीच चढली होती. ज्याला सावनेरच्याही पुढे जायचे आहे, त्याने अशा वेळी आनंद करावा की वाहन शोधावे? फेब्रुवारी २०२३ मधील कसोटीची गंमत आणखी वेगळी. गुरुवारी सुरू झालेला तो सामना शनिवारीच संपला. ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव ९१ धावांत आटोपला. भारताच्या विजयाने आम्ही हर्षभरित झालो; परंतु रविवारची सुट्टी गाठून जामठ्यास जाण्याचा बेत केलेली आमची मंडळी घरीच राहिली.

हा वाद आपल्यापुरताच आहे असे मात्र कोणी समजू नये. मुंबईत १९३७ पासून ब्रेबोर्न मैदान होते. ते एका क्लबाच्या मालकीचे असल्यामुळे मुंबई क्रिकेट संघटनेला किती जागा द्यावयाच्या, यावरून कलह माजला. अखेर विदर्भाचेच सुपुत्र शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने, अगदी जवळच, दुसरे मैदान सुमारे तेरा महिन्यांत उभारले गेले, आणि १९७५ च्या जानेवारीत तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी झाली. त्याचेही वास्तुविशारद शशी प्रभूच. तेथे प्रश्न अंतराचा नव्हता, तर आसनावर हक्क कोणाचा, हा होता.

इंग्लंडमध्ये फुटबॉलचे वेड आपल्या क्रिकेटच्या वेडासारखेच आहे. लंडनचा वेस्ट हॅम संघ १९०४ पासूनचे आपले वस्तीतले मैदान सोडून २०१६ साली ऑलिंपिकसाठी बांधलेल्या विशाल मैदानात गेला. तेथे धावण्याच्या मार्गिकेसाठी जागा सोडलेली असल्यामुळे प्रेक्षक खेळापासून दूर पडले, आणि २०१८ च्या मार्चमध्ये काही संतप्त चाहते सामना चालू असता मैदानात शिरले. याउलट लिव्हरपूलचा एव्हर्टन संघ १८९२ पासूनचे गुडिसन पार्क सोडून २०२५ साली मर्सी नदीकाठच्या जुन्या गोदीत, म्हणजे शहराच्या मध्याच्या अधिक जवळ गेला. तेथे अंतर घटले. तरीही घरांच्या रांगांमध्ये वसलेले जुने मैदान सोडताना अनेकांचे डोळे पाणावले. सुदैवाने जुने मैदान पाडले गेले नाही. त्याच संघाच्या महिला आता तेथे खेळतात. यावरून दिसते, की मैदान जवळ आले म्हणून दुःख होत नाही असे नाही, आणि दूर गेले म्हणून केवळ अंतराचेच दुःख होते असेही नाही. प्रेक्षकाला आपण पाहुणे न वाटता घरचे वाटलो पाहिजे, ही त्याची खरी मागणी असते.

मग निर्णय काय? आमच्या मते सुरक्षितता सर्वांत आधी, आणि त्या दृष्टीने प्रशस्त मैदानाचा पक्ष बळकट आहे. परंतु मैदान गावाबाहेर नेले, की तेथवर पोहोचण्याची वाट हा मैदानाचाच एक भाग मानला पाहिजे. नागपूरची मेट्रो २०१९ साली खापरीपर्यंत धावू लागली. ते स्थानक जामठ्याच्या अलीकडेच राहते आणि उरलेले अंतर पायी जाण्यासारखे नाही. बुटीबोरीकडील विस्तारास २०२२ च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली असून तो याच वर्धा रस्त्याच्या दिशेने जातो. जामसावळीच्या हनुमंताच्या दर्शनास लोक दूरदूरून जातात, ते मंदिर नागपुरात नाही म्हणून कोणी रडत नाही. कारण तेथे जाण्याची सोय आहे आणि गरिबालाही तेथे मज्जाव नाही. क्रीडांगणाचेही असेच व्हावे. सामन्याच्या रात्री सावनेरमार्गे सौंसर आणि पांढुर्ण्याकडे गाड्या सुटल्या, तर आमच्याकडील निम्मा वाद त्याच दिवशी मिटेल.

एक गोष्ट सांगून लेख पुरा करतो. विदर्भाने रणजी करंडक प्रथम जिंकला तो २०१८ च्या पहिल्याच दिवशी, आणि तोही नागपुरात नव्हे, तर मध्य प्रदेशातील इंदूर येथे. त्या संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते. तेच पंडित पुढे मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले, आणि २०२२ साली मध्य प्रदेशानेही तो करंडक बंगळूरच्या मैदानावर मिळविला. आपली भाषा विदर्भाची आणि राज्य मध्य प्रदेश; आपण दोन्ही विजयांना टाळ्या वाजविल्या. खेळाला सीमा अडवीत नाही. मग केवळ रस्त्याने का अडवावे?

वाचकहो, आपल्या शाळेच्या मैदानास ना छप्पर आहे, ना आसने. तरी संध्याकाळी कुंपणापाशी उभे राहून खेळ पाहणाऱ्या आजोबांना तेथे कोणी तिकीट विचारीत नाही आणि घर गाठण्याची चिंताही त्यांना पडत नाही. मैदान मोठे बांधणाऱ्यांनी कुंपणापाशी उभे असलेले हे आजोबा डोळ्यांसमोर ठेवावेत, एवढीच आमची विनंती आहे.