पहिल्या दहा मिनिटांची तालीम

गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा २००५ साली सुरू झाला. तेव्हापासून २,६५० मीटरवरच्या गुलमर्गातून निघालेला माणूस कोंगदूरीला पाळणा बदलून अफरवतच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटर उंचीवर, बसल्या जागी पोचतो. आपल्याकडचे पर्यटक भाड्याचे गमबूट घालून वर जातात, फोटो काढतात, कुडकुडतात आणि त्याच पाळण्याने खाली येतात. शेजारी रुंद स्की घेऊन बसलेली मंडळी मात्र पाळण्याने परतत नाहीत. डोंगराची जी बाजू यंत्राने दाबून सारखी केलेली नाही, जिथे वाट दाखवणाऱ्या काठ्या रोवलेल्या नाहीत, तिथून ती आपली आपण उतरतात. याला फ्रीराइड म्हणतात.

गुलमर्गात स्कीइंग जुनंच. इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये इथे स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना केली. पण तेव्हा उतरण्याआधी चढावं लागे. त्या काही तासांच्या चढणीत पायाखालचा बर्फ कळत असे. कुठे तो पोकळ वाजतो, कुठे वाऱ्याने थर रचलाय, कुठे काल रात्री कडा ढासळलाय, हे सगळं दिसत असे. गोंडोलाने चढणीचे कष्ट वाचवले आणि ही माहितीही हिरावून घेतली. आज वर पोचलेल्या माणसाच्या हाती डोंगराविषयी तेवढंच असतं, जेवढं तो खालून घेऊन आलाय. म्हणून या खेळाची खरी तयारी बर्फ पडायच्या आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कोरड्या जमिनीवर करावी लागते.

मदत कोण करणार?

८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या तुकडीवर हिमकडा कोसळला आणि सतरा जवान गेले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीअर मृत्युमुखी पडले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी याच डोंगरावर एका रशियन स्कीअरचा जीव गेला. तिन्ही घटना फेब्रुवारीतल्या आहेत आणि बळी गेलेल्यांत प्रशिक्षण घेणारे सैनिकही आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस बहुतेक वेळा थंडीने मरत नाही, गुदमरून मरतो. स्वित्झर्लंडमधल्या चाळीस वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ जगतात. अर्धा तास उलटला की हे प्रमाण तिघांत एकावर येतं. आता हिशेब करा. गोंडोलाखालच्या मुख्य उतारावर स्की पेट्रोलचं पथक असतं. हिमवृष्टीनंतर स्फोटकांनी धोकादायक थर पाडून तो उतार मोकळा करणं हे त्याचं काम. त्या उताराची हद्द दाखवणाऱ्या दोरीपलीकडे ती हमी नाही. तिथे निरोप जायचा, माणसं जमायची, ती वर यायची, यात दहा मिनिटं केव्हाच संपतात. गाडलेल्याला वाचवू शकतो तो फक्त शेजारी उभा असलेला जोडीदार. त्यामुळे ‘मी किती चांगलं स्की करतो’ यापेक्षा ‘माझा जोडीदार मला किती वेळात उकरून काढेल’ हा प्रश्न मोठा ठरतो.

मैदानावरचा सराव

यासाठी तीन वस्तू प्रत्येकाकडे हव्यातच: ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं. तिन्हींतली एक नसेल तर उरलेल्या दोन फारशा उपयोगाच्या नाहीत. ट्रान्सीव्हर हे जॅकेटच्या आत अंगाला बांधायचं छोटं यंत्र. ते ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडत असतं आणि वेळ आली की तेच दुसऱ्याचा संदेश शोधायला वापरता येतं. जगभर वारंवारता एकच असल्याने कुठल्याही कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला सापडतं. प्रोब म्हणजे जोडून लांब होणारी, साधारण अडीच-तीन मीटरची सळई. फावडं धातूचंच हवं. स्खलनानंतर बर्फ इतका घट्ट बसतो की प्लॅस्टिकचं पातं मोडतं. या वस्तू गुलमर्गात भाड्यानेही मिळतात, पण सकाळी आठ वाजता भाड्याने घेतलेलं यंत्र नऊ वाजता जीव वाचवायला वापरता येत नाही.

शोधाचा सराव करायला बर्फ लागत नाही. पुण्यातलं एखादं मैदान पुरतं. एकाने सुरू केलेलं यंत्र पोत्यात घालून पालापाचोळ्याखाली दडवायचं, दुसऱ्याने घड्याळ लावायचं. शोधाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा पक्की करायची. सगळ्यांनी आपापली यंत्रं शोधावर टाकायची. एकाने जरी विसरून संदेश सोडणं चालू ठेवलं, तर बाकीचे त्याच्याकडेच धावत राहतात. संदेश मिळेपर्यंत भराभर जायचं. मिळाला की बाणाच्या दिशेने. आकडा तीन मीटरच्या आत आला की वेग उतरवायचा, यंत्र जमिनीलगत धरायचं आणि आडवं-उभं फिरवून सर्वांत कमी आकडा गाठायचा. नवखे नेमके इथे चुकतात. घाईने यंत्र हवेत नाचवतात आणि दोन मिनिटं घालवतात. शोधताना खिशातला मोबाइल किमान अर्धा मीटर लांब हवा, नाहीतर संदेशात गोंधळ होतो.

मग प्रोब. ती उताराला काटकोनात खुपसायची, पंचवीस-पंचवीस सेंटीमीटरवर, आतून बाहेर गोल फिरत. माणसाला लागली की उपसायची नाही, तिथेच ठेवायची. खणणाऱ्यांना तीच खूण. सर्वांत जास्त वेळ खातं ते खणणं. सळईच्या डोक्यावर उभं राहून सरळ खड्डा खणायचा नसतो. त्याने गाडलेल्याच्या वरचा बर्फ दाबला जातो आणि उपसलेला माल टाकायला जागा उरत नाही. उताराच्या खालच्या बाजूला थोडं सरकून आडवं आत शिरायचं. पुढचा तोडतो, मागचे ओढून खाली ढकलतात, आणि मिनिटभराने पुढचा मागे येतो. एक घनमीटर स्खलित बर्फ तीनशे ते पाचशे किलो भरतो, म्हणजे एकट्याच्या ताकदीचं हे काम नव्हे. कोकणातल्या किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत चौघांनी एकदा हा क्रम करून पाहिला की पाठीला सगळं समजतं. चेहरा आणि छाती आधी मोकळी करायची. श्वास नसेल तर नुसती छाती दाबून भागत नाही, कारण माणूस गुदमरलेला आहे. तोंडाने श्वासही द्यावा लागतो. प्रथमोपचाराचा वर्ग म्हणूनच याच यादीत येतो.

यंत्रांची निगाही आताच घ्यायची. गेल्या मोसमात आत राहून गेलेली बॅटरी गळून संपर्काच्या पट्ट्या खराब होतात. पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या सहसा चालत नाहीत. कंपनी सांगते त्याच घालाव्यात. हवेची पिशवी फुगवणारी एअरबॅगही मिळते. ती माणसाला प्रवाहात वर ठेवायला मदत करते आणि मृत्यूचं प्रमाण घटवते. पण कड्यावरून पडल्यास किंवा झाडावर आदळल्यास तिचा इलाज चालत नाही. तिची दोरी ओढायला न सुचल्याने ती न फुगल्याचीही उदाहरणं बरीच आहेत. तिची गॅसची नळकांडी विमानात न्यायची तर विमान कंपनीची परवानगी आधी काढावी लागते.

डोंगर वाचायचा कसा

काश्मिरात बर्फ येतो तो पश्चिमी चक्रावातांसोबत, भूमध्य समुद्राकडून. दोन वादळांच्या मध्ये निरभ्र, कडाक्याचे दिवस जातात. अशा वेळी जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो आणि पृष्ठभाग त्याहून कितीतरी थंड. या फरकामुळे आतली वाफ वर सरकते आणि एकमेकांना न धरणारे टोकदार दाणे तयार होतात. त्यावर पुढच्या वादळाचा जड थर बसला, वाऱ्याने तो घट्ट केला, की सापळा तयार. स्कीअरचं वजन पडताच खालचा कच्चा थर कोसळतो आणि वरची अख्खी लादी सुटते. लोकांचा बळी घेणाऱ्या दहांपैकी नऊ स्खलनांत लादी सोडवणारा बळी गेलेला स्वतः किंवा त्याच्याच गटातला कुणी असतो.

उताराचा कोन हा पहिला प्रश्न. बहुतेक लाद्या ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. घरातला साधा जिना साधारण तीस अंशांचा असतो. त्याहून तीव्र आणि बर्फाने भरलेला उतार दिसला की सावध व्हावं. मोबाइलमधल्या कोनमापकाने असे उतार ओळखायचा सराव सिंहगडाच्या वाटेवरही करता येतो. आपण उभे आहोत तो उतार सौम्य असून भागत नाही, वर काय लटकलंय हेही पाहावं लागतं. खाली नाळ असेल तर लहानसं स्खलनही खोल गाडतं. सह्याद्रीत नाळेतून उतरणाऱ्या ट्रेकरला दगड कुठून येतात हे ठाऊक असतं. इथे तेच बर्फाला लागू पडतं.

डोंगर स्वतःहूनही इशारे देतो. जवळपास ताजं स्खलन झालेलं असणं, पाऊल टाकताच ‘धुप्प’ असा दबका आवाज होऊन बर्फ खचणं, स्कीच्या टोकापासून भेगा धावणं, रात्रीत भरपूर बर्फ पडणं किंवा वाऱ्याने तो एका बाजूला रचणं, अचानक ऊन तापणं: यातलं एकही दिसलं तर तीव्र उतार सोडायचा. देशात हिमस्खलनाचे अंदाज डीआरडीओची डीजीआरई ही संस्था देते. १९६९ साली मनालीत सुरू झालेल्या, ‘सासे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचं हे आजचं रूप. धोक्याची पाच पायऱ्यांची पट्टी वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिसरी पायरी ‘मधली’ म्हणून निवांत नसते. आल्प्समध्ये सर्वाधिक मृत्यू होतात ते दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच, कारण चौथ्या-पाचव्याला लोक घरी बसतात.

पाय, फुप्फुसं आणि हट्ट

शरीराची तयारी ट्रेकर मंडळींना अवघड नाही. स्की करताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो. गड चढण्यापेक्षा उतरताना हेच होतं, म्हणून वजन घेऊन उतरण्याचा सराव कामी येतो. तंत्र मात्र बर्फावरच शिकावं लागतं. गुलमर्गची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग त्यासाठी अभ्यासक्रम चालवते. दाबलेल्या उतारावर दोन्ही बाजूंना खात्रीने वळता, घसरता आणि हवं तिथे थांबता येत नसेल, तर भुसभुशीत बर्फात उतरायची वेळ आलेली नाही. चार हजार मीटरला समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच प्राणवायू असतो. मुंबईहून निघून दुसऱ्या दिवशी तिथे पोचलेल्याचं डोकं दुखतं, निर्णयही चुकतात. पहिले दोन दिवस खालीच घालवावेत.

सर्वांत कठीण तयारी स्वभावाची. अमेरिकेतल्या इयन मॅकॅमन यांनी सातशेहून अधिक हिमस्खलन अपघात तपासले. बर्फाचं ज्ञान असलेली माणसंही ठरावीक फसव्या विचारांना बळी पडतात, असं त्यांना दिसलं. ओळखीचा उतार आहे, पुढे कुणीतरी गेलंच आहे, आमच्यातला अमुक जाणकार आहे, आता ठरवलंय तर जायचंच. आपल्याकडच्या प्रवाशाच्या बाबतीत यात आणखी एका गोष्टीची भर पडते: आठवडाभराची रजा आणि भरलेले पैसे. तीन दिवस वादळाने गोंडोला बंद असतो, चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडतं आणि सगळे धावतात. पण ताज्या बर्फाचा थर सर्वांत अस्थिर असतो तोही याच वेळी.

यावर उपाय एकच. परतायच्या अटी तिकीट काढण्याआधी, उबदार खोलीत ठरवून लिहून ठेवायच्या. अंदाज अमुक पायरीच्या वर असेल तर दोरीपलीकडे जायचं नाही. तीव्र उतारावर एका वेळी एकच उतरेल, बाकीचे सुरक्षित जागेवरून पाहतील. गटातला सर्वांत नवखा ‘नको’ म्हणाला तरी ते पुरे, कारण विचारायची नाही. स्थानिक वाटाड्या घ्यायचा, आणि त्याने नाही म्हटलं की वाद घालायचा नाही. विमा काढताना त्यात आखलेल्या वाटेबाहेरचं स्कीइंग वगळलेलं नाही ना, हे वाचायचं.

काश्मीरचा चिल्लई कलां, चाळीस दिवसांचा कडाका, २१ डिसेंबरला सुरू होतो. तोवर दोन महिने हातात असतील तर नव्या स्कीवर खर्च करण्याआधी जोडीदारासोबत मैदानावर उतरा. त्याला न सांगता यंत्र दडवा आणि घड्याळ लावा. शोधून, सळई लावून, खणायला सुरुवात करेपर्यंतच पाच मिनिटं संपत असतील, तर खणायला तेवढीच उरतात. सगळं दहा मिनिटांत जमेपर्यंत आणखी सराव करा. जमलंच नाही, तर यंदाचा मोसम दोरीच्या आत काढायचा. अफरवतवर तिथेही उतरायला पुष्कळ डोंगर आहे.