नावात दर्या, गावात नाही!

आमच्या ग्रुपमध्ये एक दर्यापूरकर आहे. गावाच्या नावात दर्या, पण पठ्ठ्यानं समुद्र कधी पाहिलेला नव्हता. विषय काढला की त्याचं उत्तर ठरलेलं, ‘‘खारं पानी पाहाले एवढ्या दूर कायले जाचं बे? आमच्या खारपाणपट्ट्यात बोअर मारली की तेच निंगते!’’

शेवटी २६ जानेवारीच्या सुट्टीला जोडून आम्ही चौघांनी त्याला गाडीत घातलंच. गाडी एका मित्राच्या काकांची. काकांनी रीतसर परवानग्या काढून जुन्या व्हॅनचं चाकावरचं घर केलंय. चार झोपायच्या फळ्या, एक शेगडी, पाण्याची छोटी टाकी. हॉटेलचा खर्च शून्य, डिझेल चौघांत. अकोल्याहून निघालो, वाशीम जिल्ह्यात ‘समृद्धी’ला लागलो. मग संभाजीनगर, पुणे, ताम्हिणी घाट, दापोली करत सातशेच्या आसपास किलोमीटरवर हर्णै. टाकीतलं पाणी पुरलं ते दर्यापूरकरामुळे. तांब्याभर पाण्यात चार ताटं कशी धुवायची, हे त्यालाच माहीत!

हर्णैला पोचलो तेव्हा दुपार कलत होती. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. ‘व्ह्यू’ भारी म्हणून गाडी थेट किनाऱ्याला नेली, खुर्च्या टाकल्या, चहा ठेवला. तेवढ्यात टोपली घेतलेली एक मावशी आली. ‘‘बाळांनो, इथं नका लावू. आता बैलगाड्या यायच्यात.’’

बैलगाड्या? समुद्रावर?

पाचच मिनिटांत दिसल्या. होड्या पाण्यात उभ्या होत्या आणि बैल सरळ लाटांत शिरून मासळी घेऊन येत होते. आम्ही जिथं पिकनिक मांडली होती, तो त्यांचा कामाचा रस्ता होता. ओशाळून चहा ओतला, गाडी मागं घेतली.

मग वाळूवरच लिलाव सुरू झाला. सुरमई, बांगडा, कोळंबीचे ढीग. भोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं, भराभर चढणारी बोली. माल आणणारा मात्र बाजूला गप्प उभा. दर्यापूरकर एकदम म्हणाला, ‘‘अबे, हे तं आपलं मार्केट यार्डच होय!’’

प्रवासात ‘शेतीचं नाव काढू नका’ म्हणणारा हाच. आता तो मावशीला प्रश्नावर प्रश्न विचारत होता. डिझेलचा खर्च आधी, बर्फाचा आधी, खलाशांची मजुरी आधी. मासळी किती मिळेल त्याचा भरवसा नाही. आणि भाव?

‘‘घेणारा ठरवतो. दुसरं कोण?’’ मावशी हसून म्हणाली.

बियाणं, खत, फवारणी, मग पाऊस... हिशेब तोच. फरक एवढाच, की भाव पडला तर कापूस घरात ठेवता येतो, जमेल तितके दिवस. मासळी थांबत नाही. कापसाला, तुरीला निदान हमीभाव जाहीर तरी होतो. समोरच्या ढिगांना तोही नव्हता.

रात्री गाडी एका घरगुती निवासाच्या अंगणात, थोडे पैसे देऊन लावली. मावशीकडून घेतलेले बांगडे तळत होतो. दर्यापूरकर बाहेर फोनवर होता. घरी रोजच बोलायचा तो, ‘जेवलो, पैसे पाठवा’ एवढंच. त्या रात्री मात्र आम्ही ऐकलं, ‘‘बाबा, तुरीले काय भाव भेटला?’’

तिकडून बराच वेळ उत्तर येत होतं. बांगडे गार झाले, तरी आम्ही त्याला हाक मारली नाही.

जाणार असाल तर...

• १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. लिलाव बघायचा तर हे दोन महिने टाळा.

• राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, पण म्हणून गाडी कुठंही लावायची नसते. आधी गावात विचारा. किनारा ही कुणाची तरी कामाची जागा असते.

• आरटीओच्या परवानगीशिवाय गाडीच्या रचनेत बदल करू नका.

• सांडपाणी, कचरा वाळूत टाकू नका. आणि मासळी घेताना फार घासाघीस नको. आपल्या बाबांशी कुणी केली तर कसं वाटतं, आठवा!