गांवाचा लौकिक आणि गाडींतला माणूस

व्यक्ति तितक्या प्रकृति ही म्हण सर्वांच्या तोंडीं असते; परंतु परक्या गांवाची गोष्ट निघाली कीं ती तत्काळ विसरली जाते, आणि त्या गांवांतील लक्षावधि माणसांना मिळून एकच स्वभाव बहाल केला जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तर असे लौकिक नाण्यांसारखे चलनांत आहेत. न्यूयॉर्कचा मनुष्य उतावळा व तुसडा. शिकागो व त्याच्या भोंवतालच्या मध्यपश्चिमेकडील मनुष्य साधा, सरळ व शिष्ट. दक्षिणेकडील मनुष्य अगत्यशील. आणि लॉस एंजेलिसचा मनुष्य मोटारीवांचून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही न जाणारा.

हे लौकिक कितपत खरे आहेत व ते कोठून येतात, याची परीक्षा करावयास सार्वजनिक गाडीसारखें दुसरें ठिकाण नाहीं. घरीं माणूस आपल्या माणसांशीं वागतो, कचेरींत वरिष्ठांशीं व हाताखालच्यांशीं वागतो. अनोळखी माणसाशीं तो कसा वागतो, हें आगगाडीच्या डब्यांत व बसमध्यें दिसतें. शिवाय गाडी ही कांहीं आपोआप उगवत नाहीं. ती कोणासाठीं, कोठून कोठपर्यंत आणि कोणाच्या पैशानें धांवावी, हें केव्हां तरी कोणी तरी ठरविलेलें असतें. म्हणून गाडीचा इतिहास पाहिला म्हणजे गांवाच्या स्वभावाचाही बराचसा उलगडा होतो.

प्रथम न्यूयॉर्क घ्यावें. भुयारी रेल्वेचा पहिला मान अमेरिकेंत बोस्टनचा. तेथें ट्रेमॉन्ट रस्त्याखालचें भुयार १ सप्टेंबर १८९७ रोजीं खुलें झालें. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे २७ ऑक्टोबर १९०४ रोजीं सुरू झाली, परंतु विस्तारांत तिनें सर्वांस मागें टाकलें. आज तिचीं ४७२ स्टेशनें आहेत, आणि तिच्या गाड्या दिवसाप्रमाणें रात्रींही चालतात. २०२० सालच्या साथींत मध्यरात्रीनंतर त्या कांहीं तास बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हां तेवढी गोष्टही शहराला अपूर्व वाटली. पुढें मे २०२१ मध्यें अहोरात्र वाहतूक पूर्ववत झाली. १९०४ पासून १९४८ पर्यंत या गाडीचें भाडें पांच सेंटच राहिलें; कितीही लांब जा, नाणें एकच. त्यामुळें एका टोंकाला राहून दुसऱ्या टोंकाला कामास जाणें मजुरालाही परवडूं लागलें, आणि शहर गाडीच्या रुळांमागोमाग वाढत गेलें. एकंदर देशांत मोटार नसलेलीं कुटुंबें शंभरांत आठांच्या आसपास. न्यूयॉर्क शहरांत तीं निम्म्याहून अधिक आहेत.

अशा शहरांत धनिक आणि रंक, दहा भाषा बोलणारे दहा देशांचे लोक, रोज एकाच दांड्याला धरून उभे राहतात. खांद्याला खांदा लागलेला असतां नजरेला नजर न देणें, हीच तेथील शिष्टाचाराची रीत बनते. मुंबईच्या लोकल गाडीचा ज्यांना सराव आहे, त्यांस हें निराळें सांगावयास नको. स्टॅन्ले मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञानें १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत याची उपपत्ति अशी दिली, कीं मोठ्या शहरांत माणसाच्या मनावर इतक्या गोष्टींचा मारा एकाच वेळीं होतो, कीं त्यांतील बहुतेकींकडे दुर्लक्ष केल्याशिवाय त्याचा निभाव लागत नाहीं. म्हणजे ज्याला पाहुणा तुसडेपणा म्हणतो, तो पुष्कळदां नुसता बचाव असतो.

याचा पडताळा पाहण्याचे प्रयत्नही त्याच गाडींत झाले आहेत. आयर्व्हिंग पिलियाव्हिन, ज्युडिथ रोडिन व जेन पिलियाव्हिन यांनीं १९६८ सालीं केलेला व पुढच्या वर्षीं प्रसिद्ध झालेला प्रयोग प्रसिद्धच आहे. एकोणसाठाव्या व एकशेंपंचविसाव्या रस्त्यांमधील सुमारें साडेसात मिनिटांच्या विनाथांबा प्रवासांत एक मनुष्य मुद्दाम कोसळून पडावयाचा, आणि डब्यांतील लोक काय करतात तें पाहावयाचें. ज्या वेळीं त्या माणसाच्या हातांत आधाराची काठी होती, त्या ६५ प्रसंगांपैकीं ६२ प्रसंगीं प्रवासी आपण होऊन मदतीस धांवले. ज्या वेळीं त्याच्या अंगाला दारूचा वास येत होता व हातांत बाटली होती, त्या ३८ प्रसंगांपैकीं १९ प्रसंगीं, म्हणजे बरोबर निम्म्या वेळां, मदत मिळाली. तुसडेपणाचा लौकिक असलेल्या शहराच्या दृष्टीनें ही संख्या लाजिरवाणी खास नव्हे.

पुढें मिलग्रॅम यांनीं आपल्या विद्यार्थ्यांस याच गाडींत पाठवून बसलेल्या उतारूंकडे त्यांची जागा मागावयास लावलें. कारण मात्र कांहींच सांगावयाचें नाहीं. शंभरांत अडुसष्ट उतारूंनीं उठून अगर सरकून जागा दिली. खरी अडचण पडली ती मागणाऱ्यांची. तोंडांतून शब्द काढणेंच त्यांना कठीण झालें, आणि खुद्द मिलग्रॅम यांनीं स्वतः विचारून पाहिलें तेव्हां त्यांचीही तीच अवस्था झाली. समोरचा मनुष्य नकार देईल ही भीति त्याच्या प्रत्यक्ष नकारापेक्षां मोठी निघाली.

अर्थात् लौकिक सर्वस्वीं खोटा, असेंही म्हणतां येत नाहीं. रॉबर्ट लेव्हाइन व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंतील ३६ शहरांत लहानसहान उपकारांची चांचणी घेतली. पडलेलें पेन उचलून देणें, आंधळ्याला रस्ता ओलांडून देणें, सांपडलेलें पत्र पेटींत टाकणें, अशा या साध्या गोष्टी होत्या. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत न्यूयॉर्क शहर शेवटचें आलें, आणि आग्नेयेकडील लहान व मध्यम शहरें पुष्कळ वर राहिलीं. परंतु पहिलें आलें तें रोचेस्टर, आणि रोचेस्टर हें न्यूयॉर्क याच संस्थानांतील शहर! मदतीच्या कमीअधिक प्रमाणाशीं सर्वांत निकटचा संबंध दिसून आला तो लोकवस्तीच्या दाटीचा. एका संस्थानाचीं दोन शहरें यादीच्या दोन टोंकांस जाऊन बसतात, यावरून दोष मातींत किंवा रक्तांत नसून गर्दींत आहे, असें मानणें अधिक सयुक्तिक दिसतें.

शिकागोची गोष्ट याच्या उलट अंगानें बोधप्रद आहे. तेथील गाडी बऱ्याच अंशीं भुयारांतून नव्हे, तर लोखंडी खांबांवरून रस्त्याच्या डोक्यावरून धांवते. तिचा पहिला मार्ग ६ जून १८९२ रोजीं दक्षिण भागांत सुरू झाला, आणि १८९७ सालीं शहराच्या व्यापारी भागाभोंवतीं रुळांचें कडें पुरें झालें. त्या कड्यावरूनच त्या भागाला ‘लूप’ हें नांव चिकटलें आहे. मध्यपश्चिमेकडील माणूस बोलका व शेजारधर्म पाळणारा अशी ख्याति. तेव्हां तेथील गाड्यांत तरी गप्पा रंगत असाव्यात अशी अपेक्षा होते. प्रत्यक्षांत डबे न्यूयॉर्कइतकेच मुके असतात. निकोलस एपली व ज्युलियाना श्रोडर यांनीं शिकागोच्या उपनगरी गाड्यांतील कांहीं उतारूंना शेजारच्या अनोळखी माणसाशीं बोलावयास सांगितलें, कांहींना एकटें बसावयास सांगितलें, व कांहींना रोजच्याप्रमाणें वागावयास सांगितलें. आधीं अंदाज विचारला असतां, बोलत प्रवास करणें हें सर्वांत कंटाळवाणें होईल असें लोकांना वाटलें होतें. अनुभव अगदीं उलट आला: जे बोलले त्यांचा प्रवास सर्वांत सुखाचा झाला. २०१४ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें, व पुढें लंडनच्या गाड्यांतही तसाच अनुभव आला. प्रत्येक उतारू बोलावयास तयार, पण दुसरा तयार नसेल अशी प्रत्येकाची समजूत! गांवाचा लौकिक जसा परक्यांनीं केलेला असतो, तसाच तो कधीं कधीं डब्यांतील माणसांनीं एकमेकांविषयीं मनांतल्या मनांत केलेला असतो.

आतां लॉस एंजेलिस. हें शहर मोटारींसाठींच जन्मास आलें, ही समजूत सर्वत्र दृढ आहे. वस्तुतः त्याचा विस्तार विजेच्या गाड्यांनीं केला. हेन्री हंटिंग्टन यांनीं १९०१ सालीं स्थापन केलेल्या पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीच्या तांबड्या गाड्या एक हजार मैलांहून अधिक लांबीच्या रुळांवरून धांवत, आणि त्या तऱ्हेची ती एके काळीं जगांतील सर्वांत मोठी रेल्वे होती. परंतु तिचें रहस्य तिकिटांत नव्हतें, जमिनींत होतें. गाडी गेली कीं जमिनीची किंमत वाढे, आणि त्या विक्रींतून खरा नफा होई. जमिनी विकल्या गेल्या, मोटारी आल्या, रस्त्यांच्या गर्दींत गाड्या अडकूं लागल्या, आणि धंदा तोट्यांत गेला. मोटार कंपन्यांनीं कट करून या गाड्या मारल्या, अशीही कथा सांगतात. तींत तथ्य इतकेंच, कीं शहरांतील दुसरी एक ट्राम कंपनी १९४५ सालीं ज्या मंडळीच्या ताब्यांत गेली, तिच्यावर व तिच्या पाठीराख्या कंपन्यांवर बसगाड्या व त्यांचा माल विकण्याची मक्तेदारी जमविल्याचा गुन्हा १९४९ सालीं शाबीत झाला. तांबड्या गाड्यांची शेवटची फेरी ९ एप्रिल १९६१ रोजीं लाँग बीचकडे झाली, तेव्हां त्या एका सार्वजनिक मंडळाच्याच मालकीच्या होत्या.

पुढें १४ जुलै १९९० रोजीं त्याच लाँग बीचकडे, बऱ्याच अंशीं त्याच जुन्या मार्गानें, नवी विजेची गाडी सुरू झाली. एकोणतीस वर्षांत त्या लोकांचा स्वभाव दोनदां बदलला असें म्हणावें काय? आणखी एक आश्चर्य असें, कीं २०१० च्या शिरगणतींत उपनगरांसह मोजलेल्या लॉस एंजेलिसची वस्ती दर चौरस मैलास सुमारें ७,०००, तर तशाच रीतीनें मोजलेल्या न्यूयॉर्कची सुमारें ५,३०० निघाली. विरळ पसरलेलें शहर म्हणून ज्याची प्रसिद्धि, तेंच एकंदरींत अधिक दाट!

‘लॉस एंजेलिसमध्यें बसनें कोणीच जात नाहीं’ हें वाक्य तर केवळ चुकीचें नसून निष्ठुर आहे. बसनें रोज लक्षावधि माणसें जात होतीं. फक्त तीं मोलकरणी, आचारी, शिवणकारखान्यांतील बायका अशीं, म्हणजे न मोजण्याजोगीं समजलेलीं होतीं. १९९४ सालीं या बसप्रवाशांच्या संघटनेनें वाहतूक मंडळावर फिर्याद केली, कीं सुखवस्तु उपनगरांच्या रेल्वेवर पैसा ओतला जातो आणि गोरगरिबांच्या बसगाड्या खच्चून भरलेल्या ठेवल्या जातात. १९९६ सालीं कोर्टांत तडजोड होऊन बसमधील गर्दी कमी करण्याचें बंधन मंडळानें दहा वर्षांसाठीं पतकरलें. पुढें २०१६ सालीं त्याच जिल्ह्यांतील मतदारांनीं सार्वजनिक वाहतुकीसाठीं स्वतःवर वाढीव विक्रीकर दोनतृतीयांशांहून अधिक मतांनीं लादून घेतला.

दक्षिणेकडील अगत्याचा लौकिक सर्वांत गोड, आणि म्हणूनच त्याची परीक्षाही सर्वांत कडक झाली. अलाबामांतील माँटगोमेरी शहरांत बसचा पुढचा भाग गोऱ्यांचा व मागचा कृष्णवर्णीयांचा असे. १ डिसेंबर १९५५ रोजीं रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनीं गोऱ्या उतारूसाठीं आपली जागा सोडण्याचें नाकारलें आणि त्यांस अटक झाली. त्यानंतर ३८१ दिवस तेथील कृष्णवर्णी जनता बसमध्यें चढली नाहीं. कोणी पायीं गेले, कोणी एकमेकांच्या मोटारींतून गेले. बसचे बहुसंख्य उतारू तेच असल्यामुळें गाड्या ओस पडल्या. डिसेंबर १९५६ मध्यें वरिष्ठ न्यायालयाच्या निकालानें हा भेद रद्द झाला. या लढ्याचे तरुण पुढारी मार्टिन ल्यूथर किंग १९५९ सालीं भारतांत आले, तेव्हां मुंबईस गांधीजींच्या मणिभवनांत मुद्दाम राहिले.

कायदा गेला तरी भिंत कधीं कधीं जिल्ह्याच्या सीमेवर उभी राहते. जॉर्जियांतील अटलांटा शहरासाठीं संयुक्त रेल्वे व बस असावी, अशी योजना १९६५ सालीं झाली. कॉब जिल्हा तेव्हांच बाहेर राहिला. १९७१ सालच्या मतदानांत फुल्टन व डिकॅल्ब या जिल्ह्यांनीं कर मान्य केला. क्लेटन व ग्विनेट या उपनगरी जिल्ह्यांनीं तो फेटाळला. कराचा बोजा हें एक कारण होतेंच. परंतु शहरांतील कृष्णवर्णी लोक गाडीनें आपल्याकडे येतील, ही गोऱ्या उपनगरांची धास्तीही त्यामागें होती. १९७९ सालीं रेल्वे सुरू झाली ती त्यामुळें दोन जिल्ह्यांपुरतीच. ‘दक्षिणेकडील लोकांना मोटारच प्रिय’ असें पुढें सहज म्हटलें जाऊं लागलें. गाडीला नको म्हटलें कोणी आणि कोणाच्या भीतीनें, हें विसरलें गेलें.

क्लेटन जिल्ह्यानें स्वतःची एक लहानशी बससेवा पुढें चालविली होती, पण ती मार्च २०१० अखेर पैशाच्या अभावीं बंद पडली. तोंपर्यंत जिल्ह्यांतील वस्ती पार पालटून बहुसंख्य कृष्णवर्णी व बेताच्या मिळकतीची झाली होती. जवळजवळ पांच वर्षें ज्याच्यापाशीं मोटार नाहीं त्यानें हमरस्त्याच्या कडेनें चालत कामावर जावें, अगर काम सोडावें, असे दिवस आले. नोव्हेंबर २०१४ मध्यें त्याच जिल्ह्यानें, ४३ वर्षांपूर्वीं नाकारलेल्या त्याच योजनेंत सामील होण्यासाठीं, जवळजवळ तीनचतुर्थांश मतांनीं कर मान्य केला, आणि मार्च २०१५ मध्यें बस पुन्हा धांवूं लागली.

एकंदर विचार करतां असें दिसतें, कीं ज्याला गांवाचा स्वभाव म्हणतात, तो पुष्कळ अंशीं गांवाच्या सोयीगैरसोयींचा परिणाम असतो. लोक घाईंत दिसतात कारण गाडी सुटणार असते. मुके दिसतात कारण गर्दी असते. मोटारींत दिसतात कारण दुसरें वाहनच नसतें. परिणामाला कारण समजलें कीं विचार थांबतो, आणि ‘ते लोकच तसे’ एवढें म्हटलें कीं त्यांना गाडी देण्याची जबाबदारीही संपते. क्लेटनच्या रस्त्यावर पांच वर्षें पायपीट करणाऱ्या माणसाला आपल्या प्रांताच्या लौकिकाशीं कांहींएक कर्तव्य नव्हतें. त्याला पाहिजे होती ती बस.