चढावरील सायकलस्वारी : शक्तीचे आगणन

सायकलने चढ चढताना स्वाराला दर सेकंदास जे कार्य करावे लागते, ती चढासाठी लागणारी शक्ती होय. ती वॉटमध्ये मोजतात (७४६ वॉट = १ अश्वशक्ती). ही शक्ती गुरुत्वाकर्षण, चाकांचे लोटण घर्षण व हवेचा रोध या तीन विरोधांवर खर्च होते. या तिन्ही प्रेरणांच्या बेरजेस वेगाने गुणून साखळीच्या कार्यक्षमतेने (सु. ०·९५) भागले असता आवश्यक शक्ती मिळते.

उदाहरणार्थ, ६० किग्रॅ. वजनाचा स्वार २० किग्रॅ.च्या साध्या सायकलवरून १०० मीटरांस ५ मी. असा चढ ताशी ९ किमी. वेगाने चढत असल्यास गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सु. ९८, घर्षणासाठी १६ व हवेसाठी ५ वॉट लागतात. साखळीतील घट धरून एकूण शक्ती सु. १२५ वॉट होते. सपाट रस्त्यावर याच वेगास केवळ २२ वॉट पुरतात. सामान्य निरोगी माणूस तासन्‌तास ७५ ते १०० वॉट एवढीच शक्ती देऊ शकतो.

शेलूबाजार (जि. वाशीम) यासारख्या बाजाराच्या गावी ४० किग्रॅ. माल लादून याच वेगाने असा चढ चढावयाचा झाल्यास सु. १८५ वॉट लागतील. पुढील चक्रास ४४ व मागील चक्रास १८ दाते असलेल्या सायकलीत पेडल तेव्हा मिनिटास जेमतेम २८ फेरे घेते आणि त्यावरील कमाल दाब सु. ६०० न्यूटन, म्हणजे स्वाराच्या स्वतःच्या वजनाहून किंचित अधिक होतो. उभे राहून सर्व भार टाकला, तरी तो अपुरा पडतो. स्वार उतरून सायकल ढकलू लागतो, त्याचे कारण आळस नसून हे आहे. गिअरमुळे पायावरील दाब कमी होतो. मात्र वेग तोच ठेवल्यास शक्ती कमी होत नाही.

मोजमापाची साधने नसल्यास एकूण वजन, चढलेली उंची व लागलेला वेळ यांवरून अंदाज करता येतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात. सायकलसह ७५ किग्रॅ. वजनाच्या स्वाराने ५०० मी. उंची २५ मिनिटांत गाठली असे मानल्यास केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सु. २४५ वॉट खर्च होतात. अशा वेगात हवेचा रोधही दुर्लक्षिता येत नाही. कारण वारा नसताना त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते.

स्नायूंची कार्यक्षमता सु. २० ते २५ टक्केच असल्याने शरीराला याच्या चार-पाच पट ऊर्जा खर्चावी लागते. उरलेली उष्णतारूपाने बाहेर पडते. म्हणून उन्हाळ्यातील चढ विशेष थकविणारा ठरतो.