डोंगरवाटेवरचा मोटारींचा ताफा

शनिवार-रविवार जोडून चार घरच्या मंडळींनीं मोटारी काढाव्या आणि डांबरी सडक सोडून डोंगरांतील कच्च्या वाटेनें दोन दिवस हिंडून यावें, ही हौस अलीकडे आपल्या समाजांत चांगलीच रुजली आहे. एके काळीं जीप म्हटली कीं ती लष्कराची, नाहीं तर जंगलखात्याची, अशी समजूत असे. आतां थार किंवा जिम्नीसारखी, चारहि चाकांना जोर देणारी गाडी मध्यम स्थितींतील घराच्या दारांतहि उभी दिसते. हौस चांगली आहे. परंतु गाडीची शक्ति वाढली म्हणून डोंगर लहान होत नाहीं. अशा सहलीचें यशापयश घरच्या बैठकींत, निघण्यापूर्वीं आठ दिवस, बहुतांशीं ठरून गेलेलें असतें.

उदाहरणादाखल भंडारदऱ्याची फेरी घेऊं. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत, प्रवरा नदीवर, १९२६ सालीं पुरें झालेलें विल्सन धरण आहे. त्याच्या जलाशयाला वळसा घालून शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी वाट जाते. ही फेरी सुमारें ४०-४५ किलोमीटरांची. सपाटीवर तासाभराचें काम. परंतु वाटेंत रतनवाडीचें अमृतेश्वराचें प्राचीन देऊळ, साम्रदची सांदण दरी आणि घाटघरचा कोंकणकडा हीं स्थळें आहेत. आणि पावसानें उखडलेल्या टप्प्यावर ताशीं १०-१५ किलोमीटर ही चाल उत्तमच म्हणावयाची. पांच गाड्या, वीस माणसें, मुलें आणि डबे एवढें लटांबर धरलें म्हणजे सबंध दिवस लागलाच म्हणून समजावें.

म्हणून वेळेचा हिशोब उलटा, म्हणजे सूर्यास्तापासून मांडावा. डिसेंबरांत सहाच्या सुमारास दिवस मावळतो. मुक्कामीं पांचला पोहोंचावयाचें, तर दुपारीं दोनपर्यंत निम्म्याहून अधिक वाट मागें पडली पाहिजे. न पडल्यास तेथूनच परतावें. ही वेळ घरींच ठरवून कागदावर लिहावी. घाटांत उभें राहिल्यावर 'परत फिरूं या' हे शब्द उच्चारणें कोणाच्याहि जिवावर येतें. तरुणांना तो भित्रेपणा वाटतो आणि वडीलधाऱ्यांना मुलांचा हिरमोड करवत नाहीं. आधींच ठरलेलें असलें म्हणजे कोणा एकाच्या माथीं दोष येत नाहीं. शिवाय, मागच्या बाकावर बसलेल्या आजीबाईंनीं किंवा घरांत नव्यानें आलेल्या सूनबाईंनीं जरी 'पुरे' म्हटलें, तरी ताफा थांबावा, हा नियम मान्य झाल्यावांचून निघूंच नये.

ऋतूची निवड त्याहून महत्त्वाची. ऐन पावसाळ्यांत सह्याद्रीचे उतार पाणी पिऊन जड होतात. २०१४ सालीं माळीण, २०२१ सालीं तळिये आणि २०२३ सालीं इर्शाळवाडी हीं गांवें जुलै महिन्यांतच दरडींखालीं गाडलीं गेलीं, हें विसरतां कामा नये. त्या दिवसांत हवामानखात्याचा इशारा असल्यास बेत रद्द करावा. त्यावर वाद घालूं नये. दसरा-दिवाळीनंतर ओल हटते, वाटा घट्ट होतात. नवशिक्यांनीं तोच काळ धरावा.

आतां ताफ्याची रचना. पुढें वाट माहीत असलेला चालक असावा. त्याच्यामागें सर्वांत हलकी गाडी किंवा सर्वांत नवखा चालक ठेवावा, म्हणजे ताफ्याची गति आपोआप त्याला झेपेल एवढीच राहते. सर्वांत मागें अनुभवी गृहस्थ, आणि हत्यारें त्यांच्याजवळ. प्रत्येकानें आपल्या मागच्या गाडीवर लक्ष ठेवावें. वाट फुटते तेथें ती दिसेपर्यंत थांबावें. अवघड चढावर एका वेळीं एकच गाडी सोडावी. उतरणीवर पहिला गिअर घालून इंजिनाच्या धाकानें उतरावें. ब्रेक सतत दाबून धरल्यास तापतात आणि ऐन वेळीं दगा देतात.

टायरांत एरव्हीं ३०-३२ पौंड हवा असते. मऊ मातींत ती २० च्या आसपास आणली म्हणजे टायर पसरून पकड वाढते. डांबरीवर येतांच ती पुन्हां भरावी लागते, तेव्हां लहान पंप जवळ हवाच. रुतलेली गाडी ओढावयाचा पट्टा कंपनीनें दिलेल्या हुकालाच अडकवावा, बंपरला कधींहि नव्हे; आणि ओढतांना बाकीच्या मंडळींनीं, विशेषतः मुलांनीं, पट्ट्याच्या लांबीहूनहि दूर उभें राहावें. ओढा लागल्यास आधीं एकानें काठी घेऊन खोली अजमावावी. वाहतें पाणी फूटभर असलें तरी लहान मोटार नेऊं शकतें, आणि दोन फुटांत बहुतेक सगळ्याच गाड्या जातात. जेथें पायीं उतरावयास भय वाटतें तेथें गाडी घालूंच नये.

घरीं राहणाऱ्या वडील माणसाजवळ एक कागद ठेवावा: कोण कोणत्या गाडींत, गाड्यांचे क्रमांक, मुक्कामाचें ठिकाण, आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास चौकशी सुरू करावी ती वेळ. डोंगरांत मोबाईलची रेंज जाते. मग ११२ आणि १०८ हे क्रमांक उपयोगीं पडावयाचे तर ते घरच्या माणसालाच फिरवावे लागतात. ज्यांना नित्य औषध लागतें त्यांनीं दोन दिवसांचें नव्हे, चार दिवसांचें बरोबर घ्यावें. पाणी, कोरडा फराळ व पांघरुणें यांचाहि असाच हिशोब.

शेवटीं यजमानांविषयीं. हा सारा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. येथें वाट सोडून रानांत गाडी घालण्यास मुळींच मुभा नाहीं; खडबडीत वाट हीच हौस भागविण्याची जागा. पावसाळ्याच्या तोंडावर येथील झाडांवर काजव्यांचे थवे लुकलुकतात. तो त्यांचा परस्परांना दिलेला विणीचा इशारा असतो, आणि गाड्यांच्या दिव्यांनीं तो बुजतो. काजवे पाहावयाचे तर गाडी दूर ठेवून, दिवे मालवून पायीं जावें. कातळसड्यावर पावसानंतर उगवणाऱ्या नाजूक वनस्पति बोटभर मातींत जगतात; एकदां चाक फिरलें कीं ती माती जाग्यावर राहत नाहीं. भातखाचरांचे बांध तर शेतकऱ्याच्या वर्षाच्या पोटाचेच. गांवांतला एखादा माहितगार वाटाड्या मेहनताना देऊन बरोबर घ्यावा आणि जेवण गांवांतल्या घरींच सांगावें. वाट चुकत नाहीं, आणि आपल्या हौसेपासून गांवालाहि चार पैसे मिळतात.

सहलीनंतर उंच चढ कोणी चढला याच्या गोष्टी चार दिवस चालतात. ताफ्याच्या धुरीणानें मात्र दोनच गोष्टी पाहाव्या: शेवटची गाडी उजेडीं मुक्कामीं लागली काय, आणि पुढल्या वर्षीं त्याच गांवीं आपलें स्वागत होईल काय. या दोहोंचें उत्तर होकारार्थी आलें, तर बेत चांगला आंखला होता असें खुशाल म्हणावें.