घोडी बदलताना

नागपूरच्या एखाद्या जुन्या घरातील तंबोऱ्याचा स्वर बसका झाला, की संशय भोपळ्यावर जातो. दोष मात्र बहुधा घोडीत असतो. तारांच्या नित्य घर्षणाने तिच्यावर चरे पडतात आणि जवारी हरपते. कारागीर कानसेने ती पुन्हा घासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवीत स्वर उघडतो. घासण्याजोगे काही उरले नाही, तर घोडीच नवी घडवावी लागते.

या विद्येचे माहेर मिरज. शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात ती तेथे रुजविली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले.

खरा पेच द्रव्याचा. जुन्या घोड्यांवर कधी हस्तिदंत, कधी सांबरशिंग आढळते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील पुढील दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार थांबला. त्याजागी उंटाचे हाड आले. आपल्या घरांतील अडचण त्याने मिटत नाही. आबनुसाची घोडी मृदू बोलते, पण लवकर झिजते. कृत्रिम द्रव्य टिकते, त्याचा नाद काही गवयांना कोरडा वाटतो. तंबोऱ्यास आबनूस शोभतो. वाद्य दुरुस्तीस देतानाच द्रव्य स्पष्ट सांगावे. एरवी कारागीर आपल्या सवयीचेच बसवील.