चंपीचा परदेशप्रवास आणि तीन महिन्यांचे कोडे

दोन वर्षांपूर्वी इंग्लंडहून मुलीचा फोन आला, "बाबा, चंपीला इकडे पाठवा." चंपी म्हणजे तिने कॉलेजात असताना गल्लीतून उचलून आणलेली कुत्री, तेव्हा अकरा वर्षांची. पिंजरा घ्यायचा, विमानाचे भाडे भरायचे, की झाले, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात सात महिने गेले.

नियम असा. आधी कुत्र्याच्या कातडीखाली पंधरा अंकी क्रमांकाची मायक्रोचिप, मग रेबीजची लस. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायचे; प्रतिपिंडे मिलिलिटरमागे किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक हवीत. रक्त घेतल्या दिवसापासून पुढे तीन महिने थांबायचे. शेवटी सरकारी आरोग्य प्रमाणपत्र, आणि ब्रिटनमध्ये पोहोचण्यापूर्वी 24 ते 120 तासांच्या आत पट्टकृमीवरचे औषध.

आमच्या पशुवैद्यांनी लस आधी टोचली, चिप महिन्याने बसवली. रक्ताचा निकाल उत्तम आला, दोन महिने थांबूनही झाले, आणि मग कागद पाहणाऱ्याने सांगितले की हे सगळे बाद. लस टोचली तो कुत्रा हाच, हे सिद्ध करणारा क्रमांक लसीच्या दिवशी अंगात नव्हता. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

चिपचे कारण पटले. तीन महिन्यांचे पटेना. निकाल हातात असताना थांबायचे कशाला? उत्तरासाठी मला शंभरेक वर्षे मागे जावे लागले.

1897 साली ब्रिटनचे मंत्री वॉल्टर लाँग यांनी कुत्र्यांना मुसकी बांधण्याची सक्ती कडक केली आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवर निर्बंध घातले. श्वानप्रेमी त्यांच्यावर तुटून पडले, पण 1902 पर्यंत देशातून रेबीज गेला. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर 1918 मध्ये तो परतला. पुन्हा घालवायला 1922 उजाडले. त्यानंतर परदेशी कुत्र्याला सहा महिने विलगीकरणात ठेवणे हीच तटबंदी राहिली. 1969 मध्ये कॅम्बर्ली गावी जर्मनीहून आणलेला एक कुत्रा सहा महिने पुरे करून घरी आला आणि नंतर पिसाळला.

कोड्याची किल्ली इथेच आहे. चाव्यातून शिरलेला रेबीजचा विषाणू मज्जातंतूंमधून सावकाश मेंदूकडे सरकतो. बहुधा काही आठवडे ते काही महिने, क्वचित त्याहून जास्त काळ, जनावर ठणठणीत दिसते. रक्ततपासणी सांगते ती लस लागू पडल्याचे. लसीच्या आधीच विषाणू अंगात शिरला होता का, हे ती सांगत नाही. ते फक्त काळ सांगतो. तीन महिन्यांची मुदत म्हणजे दडलेल्या रोगाला उघडे पडण्यासाठी दिलेला अवधी.

फेब्रुवारी 2000 मध्ये ब्रिटनने निवडक देशांच्या कुत्र्यांसाठी विलगीकरणाऐवजी चिप, लस आणि रक्ततपासणी स्वीकारली. भारतासारख्या देशांतल्या कुत्र्यांचा सहा महिन्यांचा वनवास मात्र 2012 उजाडेपर्यंत संपला नाही. आता ते थांबणे तिथल्या कोंडवाड्यात नसून आपल्या घरी असते, हा फरक लहान नाही.

तरी भारत ब्रिटनच्या यादीबाहेरच आहे. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे 99 टक्के कुत्र्यांकडून येतो, आणि आपल्याकडे तो अजून गल्लीत आहे. उपायही जवळच दिसतो. गोव्यात कुत्र्यांचे व्यापक लसीकरण, शाळांमधून शिक्षण आणि सतत पाळत या जोरावर 2021 मध्ये राज्य 'रेबीज नियंत्रित' जाहीर झाले. पण यादी देशाची असते, राज्याची नव्हे. म्हणून पणजीच्या कुत्र्यालाही पुण्याच्या कुत्र्याइतकेच थांबावे लागते. चंपीचे ते तीन महिने तिच्या एकटीच्या प्रकृतीचे नव्हते. ज्या गल्लीतून ती आली, त्या गल्लीचे होते.

ब्रिटनच्या नियमाप्रमाणे ती कार्गोतून गेली. पिंजऱ्यात माझा जुना सदरा घातला होता. अकरा वर्षांच्या कुत्रीचे सात महिने ही मोठी किंमत आहे, आणि त्यातले तीन केवळ क्रम चुकल्यामुळे गेले. म्हणून ज्यांना कुत्रा न्यायचा आहे त्यांना एवढेच सांगतो: तिकिटाच्या आधी चिप, चिपनंतर लस, आणि दोन्हींच्या तारखा स्वतः वाचून बघा.